गल्ल्यावरच्या मालकांनो, त्या पोराला एकटं पाडू नका

गेल्या रविवारी रात्री शाहूपुरीत एका हॉटेलात घरच्यांना घेऊन जेवायला गेलो होतो. गर्दी मरणाची. पांढऱ्या रस्स्याची वाटी तोंडाला लावली आणि नाकात आंब्याच्या गोळीसारखा गोड वास शिरला. शेजारच्या टेबलावर पंचविशीतली चार पोरं. एकाच्या मुठीत मार्कर पेनाएवढा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. ओढला की टोकाला निळा दिवा लागायचा. धूर तो शर्टाच्या कॉलरमध्ये सोडत होता, म्हणजे इथं हे चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वेटर असेल अठरा-एकोणीसचा. हातात रस्स्याच्या वाट्यांचा ट्रे. नीट म्हणाला, "दादा, इथं नको, बाहेर जाऊन ओढा."

"धूर हाय का ह्यो? वाफ हाय. तू तांबडा आण जा."

पोरानं गल्ल्याकडं बघितलं. मालक तिथूनच म्हणाले, "जाऊ दे रे, गिऱ्हाईक हाय."

पोराचे कान लाल झाले. वाट्या ठेवताना थोडा रस्सा सांडला, त्याचीही बोलणी त्यानंच खाल्ली.

माझ्या आईला दमा आहे. मी उठून त्या टेबलाशी गेलो आणि तेवढंच सांगितलं. "सॉरी काका," म्हणत त्यानं व्हेप लगेच खिशात टाकला. वेटर वेगळं काय म्हणाला होता? माझे केस पिकलेत आणि मी बिल देणारा आहे, एवढाच फरक. हे मला फार लागलं.

आणि ती नुसती वाफ नसते. निकोटिन, ग्लिसरीन, वासाची रसायनं यांचे बारीक थेंब असतात ते, शेजारच्याच्याही छातीत जातात. 2019 च्या कायद्यानं देशात ई-सिगारेट बनवायला, आणायला, विकायला, साठवायला बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'ओढणाऱ्याला शिक्षा कुठाय?' असं काहीजण ऐकवतात. त्या कायद्यात तसं कलम नाही, खरं आहे. पण मग ती वस्तू तुझ्या हातात आली कुठून, भावा?

मालकांनी तर सिगारेटचा नियम एकदा नीट वाचावा. 2 ऑक्टोबर 2008 पासून हॉटेलात धूम्रपानाला बंदी आहे. तीस किंवा जास्त खुर्च्या असतील तर ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली करता येते, त्या खोलीबाहेर हॉटेलात कुठंही ओढायचं नाही. तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव पाटीवर लिहावं लागतं, आणि तक्रार येऊनही काही केलं नाही तर दंड मालक-मॅनेजरला बसतो. वेटरला नाही. म्हणजे रोखायची जबाबदारी गल्ल्यावरच्या माणसाची आहे. मग व्हेपच्या वेळी दिवसभर पायावर उभ्या असलेल्या पोराला पुढं का करता? गिऱ्हाईक चिडलं तर टीप त्याची जाते, शिव्या त्याला बसतात.

परमिट रूममध्ये तर रात्री दहानंतर असं सांगायला जाणाऱ्या पोराची मला भीतीच वाटते. प्यालेला माणूस काय करील याचा नेम नसतो. तिथं मालकानं स्वतः उठायला हवं.

बिल देताना मालकांना मी हे सगळं बोललो. व्हेपचीही पाटी लावा म्हटलं, आणि पोरानं सांगितलं की त्याच्या मागं उभं राहा. त्यांनी ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाले. पुढच्या रविवारी आईला घेऊन परत तिथंच जाणार आहे. पाटी नसली तर परत बोलणार आहे, त्या पोरासमोर.