ताज्या रक्ताचा आग्रह: राजेंद्र नगरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की, शीतकपाटातही लाल पेशी बिघडतात हे मीच लिहिलं आणि लगेच ‘ताज्याच रक्ताचा हट्ट धरू नका’ असंही सांगितलं, म्हणजे हा सल्ला ब्लड बँकेच्या सोयीचा. बायपासच्या वेळी तुमच्या वहिनींना २४ दिवसांची पिशवी दिली गेली, त्याची काळजीही तुमच्या प्रतिक्रियेत आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

बिघाड खरा आहे. २ ते ६ अंशांत पेशीच्या आवरणावरचा सोडियम-पोटॅशियम पंप जवळजवळ थांबतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. ग्लुकोज वापरलं जाऊन लॅक्टिक आम्ल साचतं, पीएच उतरतो, २,३-डीपीजी हे पेशीतलं रसायन बनेनासं होतं आणि दोनेक आठवड्यांत जवळपास संपतं. ते नसलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं, सहजी सोडत नाही. पेशी काटेरी होतात, त्यांच्या आवरणाचे सूक्ष्म तुकडे सुटतात, लवचीकपणा जातो. अशा पेशी रुग्णाच्या प्लीहेत अडकतात. मुदत ठरते ती याच हिशेबानं: शेवटच्या दिवशी चढवलेल्या पेशींपैकी सरासरी किमान ७५ टक्के २४ तासांनंतरही रक्तात फिरत असल्या पाहिजेत. पिशवीत रक्त टिकवणारा द्रव कोणता, त्यावर दिवस ठरतात: सीपीडीए-१च्या पिशवीला ३५ दिवस, सॅग-एमच्या पिशवीला ४२.

पण रुग्णाला काय होतं, हा प्रश्न वेगळा आहे. बेचाळिसाव्या दिवशी पिशवीतल्या द्रवात पोटॅशियम लिटरमागे ५० मिलिमोलच्या आसपास जातं. आकडा भीतिदायक वाटतो, पण द्रव असतो सव्वाशे मिलिलिटरच्या घरात, म्हणजे एकूण पोटॅशियम सहा-सात मिलिमोल. मूत्रपिंडं ठीक असलेल्या प्रौढाला दोन तासांत चढवलं तर ते पचतं. डीपीजीही शरीरात पुन्हा बनतं, दोन-तीन दिवसांत जवळपास पूर्ववत होतं.

१४ दिवसांपेक्षा जुन्या रक्तानं हृदयशस्त्रक्रियेनंतर मृत्यू वाढतात, ही तुम्ही दिलेली बातमी २००८ सालच्या क्लीव्हलँडच्या अभ्यासाची आहे. तो जुन्या नोंदींवर बेतलेला होता. कोणाला कोणती पिशवी द्यायची, हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. तसं ठरवून २०१५ साली हृदयशस्त्रक्रियेच्याच रुग्णांवर चाचणी झाली: एका गटाला १० दिवसांपर्यंतचं रक्त, दुसऱ्याला २१ दिवस किंवा त्याहून जुनं. अवयव निकामी होण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. वहिनींची पिशवी या दुसऱ्या गटात बसते. मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्याबद्दल मात्र ही चाचणी फारसं सांगत नाही, हे तुमच्या बाजूनं नोंदवतो.

ताजं रक्त मागायचं कुठे? नवजात बाळाच्या एक्स्चेंजसाठी (बाळाचं रक्त काढून त्याजागी दुसरं भरण्यासाठी), शक्यतो पाच-सात दिवसांच्या आतलं. बाळाला भराभर मोठ्या प्रमाणात रक्त देताना तेच पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. थॅलेसेमियाच्या मुलांनाही शक्यतो ताजं द्यावं. पेशी जास्त काळ टिकल्या की पुढची पिशवी लांबते. हे महत्त्वाचं, कारण दर पिशवीमागे दोनशेच्या वर मिलिग्रॅम लोह अंगात साठतं.

याउलट, ‘भावाचंच काढा आणि आजच चढवा’ हा अटेंडरांचा आग्रह खरोखर घातक ठरू शकतो. जवळच्या नातलगाच्या ताज्या रक्तातल्या जिवंत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, तिथे तग धरतात आणि त्याच्याच ऊतींवर हल्ला करतात. हा विकार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेकदा जीव घेतो. नातलगाचं रक्त द्यायचंच असेल तर ते विकिरणित करून, म्हणजे किरणांनी या पेशी निष्प्रभ करून द्यायला हवं.

आपल्याकडे मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पिशवीचं वय पाहण्याइतकाच तिचा प्रवासही पाहा. ती साध्या थैलीत घालून स्कूटरवर आणू नका, ब्लड बँकेचा थंड डबाच मागा. बर्फ पिशवीला चिकटू देऊ नका. पेशी गोठल्या की फुटतात. वॉर्डातल्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवायला देऊ नका. बाहेर काढल्यापासून अर्ध्या तासात सुरू व्हावी, चार तासांत संपावी. गरम पाण्यात बुडवू नये. त्याच नळीतून डेक्स्ट्रोज किंवा रिंगर लॅक्टेट जाऊ नये, फक्त नॉर्मल सलाइन चालतं. लावण्याआधी पिशवी उजेडात धरायला सांगा: वरचा द्रव लाल-जांभळा दिसला, गुठळी किंवा गळती दिसली, तर तारीख कालची असली तरी परत करा.