बिल निघेपर्यंत शिजवत राहा

अंगणवाडीच्या गरम ताज्या आहाराचं काम तुमच्या बचत गटाला मिळालं म्हणे. अभिनंदन, ताई! करारनाम्यावर शिक्के बसले असतील, पण महिनाअखेरीला पैसे येतात असं घरात कोणाला सांगू नका. महिनाअखेर तुमच्याकडे असते. कार्यालयात फक्त मार्चअखेर असते.

हिशेब तोंडपाठ करा. मुलामागे रोज ८ रुपये, हा दर २०१७ साली वाढवून ठरला. तेव्हापासून तूरडाळही त्या दराचा मान राखून जागेवर थांबली आहे, असं धरून चाला. चाळीस मुलांचे दिवसाला ३२०, पंचवीस दिवसांचे ८,०००. चार महिने बिल अडकलं की ३२,००० रुपये. पंचवटीतल्या दहा बायका मिळून शासनाला एवढी रक्कम बिनव्याजी वापरायला देतात, ही किती अभिमानाची गोष्ट! (बँक गटाच्या कर्जावर व्याज लावते. तिला देशसेवा कळत नाही.)

बिल अडकतं कुठे, असं विचारू नका. आहाराचा निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा. एक हिस्सा आला की दुसऱ्याची वाट पाहायची. दोन्ही आले की सेविकेची सही, पर्यवेक्षिकेची सही, मग प्रकल्प कार्यालय. तिथे हजेरी जुळवतात. ज्या पोराने दोनदा वाढून घेतलं, पण नेटवर्क नसल्यामुळे ज्याची नोंद पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी मोबाइल ॲपवर, चढली नाही, ते कागदोपत्री उपाशीच.

तारीख तर मुळीच मागू नका. सिंहस्थाचं सगळं आधीच ठरलंय: ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. गुरू सिंह राशीत कधी जाणार हे आपले गुरुजी पंचांग उघडून सांगतात. तुमची फाइल टेबलावरून टेबलावर कधी जाणार, हे त्यांनाही विचारून पाहा.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली या आहारातून ठेकेदारांना दूर ठेवायला सांगितलं, महिला मंडळं आणि बचत गटांना पुढे आणलं. हेतू चांगलाच होता. पण कोषागाराच्या सोयीचा मुद्दा वेगळा आहे. ठेकेदार दुसऱ्या थकीत बिलाला गाडी पाठवायचं बंद करतो. तुम्ही नाही करणार. खिचडीला बसलेलं पोर तुमच्याच गल्लीतलं, त्याची आई सकाळी कामाला जाताना तुमच्याच दारावरून जाते. तुमचं हे भांडवल कुठल्याच निविदेत लिहिलेलं नसतं, पण सगळं वेळापत्रक त्याच्यावरच बेतलेलं असतं.

रविवार कारंज्यावरच्या किराणा दुकानदाराशी तेवढं गोड बोला. मार्च संपता संपता मोबाइल वाजेल, सगळं थकीत एकदम जमा होईल. ते तसंच त्याला नेऊन द्या. एप्रिलच्या बिलाचं विचारायची घाई नको, नव्या वर्षाची तरतूद अजून यायची असते. येताना तांदूळ मात्र उधारीवर घेऊन या, उद्या अंगणवाडी आहे.