वाचू नका, टक्का बघा

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर नवीनच लागला असाल, तर आधी अभिनंदन. मग पहिला सल्ला, तोही फुकट: पोरांचे प्रकल्प वाचू नका. साठ पोरं, प्रत्येकी पंधरा पानं, म्हणजे नऊशे पानं. एवढं वाचायचे पैसे तुम्हाला कोणी देत नाही, आणि जे देतात ते कधी देतील याचाही भरवसा नाही. त्यापेक्षा फाइल उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तोंडी द्या आणि समोरच्या ठेल्यावर चहा सांगा. लाइन गेली नाही तर चहा येईस्तोवर टक्का हातात पडतो. तीस टक्के सारखं म्हणजे पोरगा तीस टक्के चोर. हिशोब संपला.

स्टाफरूममध्ये एखादा खवट सहकारी विचारेलच, की याला आधार काय? त्याच्यासमोर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आपटा. दहा टक्क्यांपर्यंत सारखेपणा असला तर माफ. दहाच्या वर चाळीसपर्यंत असला तर सहा महिन्यांच्या आत लिखाण सुधारून पुन्हा द्यायचं. चाळीस ते साठमध्ये सापडला तर सुधारित लिखाण द्यायलाच एक वर्ष बंदी. साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. हा तक्ता लॅमिनेट करून भिंतीवर लावला की फार भारदस्त दिसतो. फक्त त्याच नियमावलीतलं व्याख्यांचं पान कोणाला दाखवू नका. तिथे हे सारं पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लिखाणासाठी आहे असं म्हटलंय. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यातून सरळ वगळल्या आहेत. म्हणजे आपल्या बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हा तक्ता लागूच नाही. पण लॅमिनेशनचे पैसे गेलेत, आता तो भिंतीवरून काढायचा कसा?

ही सॉफ्टवेअरं बनवणारेही मोठे विचित्र लोक. टर्निटिनसारखी कंपनी स्वतःच सांगते, की आमचा आकडा चोरीचा नाही, सारखेपणाचा आहे. चोरी झाली की नाही ते शिक्षकाने अहवाल वाचून ठरवावं. पुन्हा वाचणं आलंच! याकडे साफ दुर्लक्ष करा.

आता आमच्याकडचा अनुभव सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. पर्यावरणाच्या प्रकल्पाला आम्ही सगळ्यांना एकच विषय दिला होता: ‘आमच्या गावातील कपाशी आणि गुलाबी बोंडअळी’. विषय चांगलाच होता. २०१७ साली या अळीने आमच्या भागात पऱ्हाटीचं काय केलं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पहिल्याच खेपेला सगळ्यांचे टक्के भडकले. कारण बघितलं तर प्रत्येकाने लिहिलेलं, ‘हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत’, ‘डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) वेचून नष्ट कराव्यात’, ‘फरदड घेऊ नये’ (म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे राखू नये). सॉफ्टवेअरने सगळं लालेलाल करून ठेवलं. साहजिकच आहे. कृषी विभागाची शिफारस गावोगावी एकच असते, अळीही एकच असते.

आम्ही पोरांना सांगितलं, वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहा. इथे खरी प्रतिभा दिसली. एकाने मोबाइलवरच्या एआयला सांगून शब्द बदलून घेतले. गुलाबी बोंडअळीचा झाला ‘पाटलवर्णी फलकीटक’ आणि कामगंध सापळ्याचा ‘प्रणयसुवासाचा पिंजरा’. टक्का घसरून सहावर आला. दुसरा त्याहून हुशार निघाला. त्याने शब्दांना हातच लावला नाही, पाच सापळ्यांचे सात केले. ‘सर, आता वाक्य वेगळं झालं ना?’ झालं की बाबा. तुझ्या बापाने वाचून दोन सापळे जास्तीचे आणले नाहीत म्हणजे मिळवली.

सॉफ्टवेअरचा खरा अभ्यास मात्र महाविद्यालयात कोणीच केलेला नाही. तो केलाय गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्या भाऊने. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये बोंडअळीची एक मूळ प्रत आहे; पहिल्या पानावरचं नाव आणि रोल नंबर बदलला की प्रकल्प तयार, स्पायरल बाइंडिंगसकट. तो टाइप करतो कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये. स्क्रीनवर सुरेख मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं, वर फक्त मराठीचं कातडं. इंटरनेटवरचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे पोटातही मराठी अक्षरंच. त्यामुळे कृषी विभागाचं माहितीपत्रक शब्दशः उतरवलं तरी सॉफ्टवेअरला त्यात ओळखीचं एक अक्षर सापडत नाही. सारखेपणा शून्य. पुढे एकाच मजकुराची दोन पोरं एकमेकांशी जुळायला लागली, तेव्हा भाऊने दुसरी खेप श्रीलिपी या दुसऱ्या फॉन्टमध्ये काढली. तिसऱ्या खेपेची पानं मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केली. चित्रात सॉफ्टवेअर काय डोंबल वाचणार! मजकूर एक, कातडी तीन, तिन्ही धुतल्या तांदळासारखी. या माणसाला खरं तर संगणकशास्त्राच्या अभ्यास मंडळावर घ्यायला हवं.

शून्य टक्केवाल्यांपैकी एकाला आम्ही ‘उत्कृष्ट मौलिक लेखन’ म्हणून प्रशस्तिपत्र दिलं. पोरगा यवतमाळ जिल्ह्यातला. प्रकल्पाच्या चौथ्या पानावर म्हणे, ‘आमच्या गावाशेजारून वाहणारी पंचगंगा’. ते पान कोणी उघडलंच नव्हतं, प्रशस्तिपत्र देताना फोटो काढायला मात्र प्रकल्प हातात धरला होता. मी तेव्हा सहज चाळला आणि कोल्हापूरची नदी बघून पटकन मिटवला. तुम्हीही असंच करत जा. चाळण्यानेच घात होतो.

आता एका पोरीचं सांगतो. तिच्याकडे झेरॉक्सचे पैसे नव्हते म्हणा की अक्कल नव्हती म्हणा, तिने सगळा प्रकल्प मोबाइलवर बोटाने टाइप केला. युनिकोडमध्ये. माहितीपत्रक घेतलंच नाही, बापाला विचारून लिहिलं. हिरवीगार बोंडं दिसत होती, फोडली तर आतून कवडी, म्हणजे किडका कापूस, निघाली. वेचणीला मजूर लावले असते तर मजुरी कापसापेक्षा महाग पडली असती, म्हणून उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. त्या दिवशी आईने स्वयंपाक केला पण जेवलं कोणी नाही. असलं काहीबाही. संदर्भसूचीत एकही पुस्तक नाही! तरी पहिल्या तपासणीत दोन टक्के आले. पण पहिल्या पानावर रोल नंबर चुकला होता, म्हणून लॅबवाल्याने तिला फाइल दुरुस्त करून परत द्यायला लावली. सॉफ्टवेअरने पहिली फाइल पोटात ठेवून घेतली होतीच. दुसरी गेली आणि टक्का आला अठ्ठ्याण्णव. स्रोत: ‘विद्यार्थी प्रकल्प, याच महाविद्यालयातून सादर’.

तुम्ही म्हणाल, तिने स्वतःचंच स्वतः चोरलं, यात गुन्हा कुठे? अहो, गुन्हा शोधायला वाचावं लागतं. तक्ता वाचायला नजर पुरते. साठच्या वर, शेवटची ओळ. समिती बसली. कोणी म्हणालं, पहिली फाइल काढून पुन्हा तपासू. पण ती काढायची कशी हे लॅबवाल्याला येत नव्हतं, आणि महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीत एक तरी ‘कारवाई’ लागतच होती. नुसते शून्य-शून्य अहवाल जोडले तर तपासणी झाली असं वाटत नाही. म्हणून पालकांना बोलावलं.

बाप आला तो शेतातली डवरणी टाकून आला होता, पायाला चिखल तसाच. त्याच्यापुढे लाल रंगाचा अहवाल ठेवला. तो पोरीला म्हणाला, ‘वाच बरं, काय हाय यात.’ पोरीने खाली मान घालून एक-दोन लाल ओळी वाचल्या. ढोरांची, मग जेवणाची. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘सर, हे तं म्याच सांगतलं होतं तिले. मंग चोरट्यात माहं नाव लिवा ना.’

आता असल्या बोलण्याला समितीने काय उत्तर द्यायचं? अशा वेळी घड्याळाकडे बघायचं असतं. आम्ही बघितलं. प्राचार्य म्हणाले, हमीपत्र घ्या आणि विषय संपवा. ‘यापुढे माझी पाल्य कोणाचेही लिखाण वापरणार नाही’ एवढंच. कागदावर त्याने सही केली, अक्षर ठसठशीत होतं.

हमीपत्राचा मजकूर मात्र तुम्ही स्वतः लिहीत बसू नका. गेटसमोरच्या भाऊकडे तयार असतो. कृतिदेवमध्ये. फक्त नाव बदलायचं, दहा रुपये.