मेलेल्या माउसांचा डबा आणि तो फिरणारा मेसेज

माउस कसा निवडावा हे सांगणारा तो मेसेज आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या. परवा ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसच्या साहेबांनी मला पाठवून खाली विचारलं, "हे बरोबर आहे ना?" मेसेजचं सार असं: डीपीआय जितका जास्त तितका माउस भारी, १६,०००च्या खालचा घेऊच नका. हाताला जड लागतो तोच टिकतो. दोन कोटी क्लिकवाला गेमिंग माउस घ्या, मग आयुष्यभर बघायला नको. रबरी ग्रिप हवीच. वायरलेसच्या वाटेला जाऊ नका, अडकतो आणि रेडिएशनही असतं. मनगट दुखत असेल तर उभा, म्हणजे व्हर्टिकल माउस आणा, कार्पल टनेल बरा होतो. एकदा दाबलं की दोनदा क्लिक होत असेल तर तो व्हायरस, कॉम्प्युटर फॉरमॅट करा. आणि हजाराच्या आतला माउस म्हणजे कचरा.

मी नौपाडा, वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडे ऐरोली-महापे या पट्ट्यात छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरची देखभाल करतो. घरी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात मेलेले माउस साठवलेत. बायको दर दिवाळीला तो भंगारात द्यायला काढते, मी परत आत ठेवतो. साहेबांना उत्तर लिहायला बसलो तेव्हा तोच डबा समोर ओतला.

डीपीआयपासून सुरू करू. माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एका फोटोतून दुसऱ्यात काय सरकलं ते मोजतो. माउस एक इंच हलला की कॉम्प्युटरला किती पावलं कळवायची, तो आकडा म्हणजे डीपीआय. आता साधा हिशेब करा. तुमचा स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद आहे. माउस १००० डीपीआयचा असेल तर डावीकडून उजवीकडे जायला हात साधारण पाच सेंटीमीटर हलतो. १६,००० डीपीआयला तेच अंतर तीन मिलिमीटरमध्ये संपतं. अख्खा स्क्रीन, तीन मिलिमीटर! एक्सेलच्या सेलचा तो खालचा बारीक चौकोन त्या सेटिंगवर पकडून दाखवा, वडापाव माझ्याकडून. प्रत्यक्षात असा माउस घेणारा दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन आकडा खाली आणतो, म्हणजे पैसे मोजले ते न वापरायच्या आकड्याचे. हात कमी हलला की दुखणं कमी, हेही खरं नाही. इतक्या बारीक हालचालीसाठी मनगट आणि बोटं आवळून धरावी लागतात, आणि असं आवळून बसणंच जास्त दुखवतं. शिवाय स्वस्त माउसच्या बॉक्सवरचा मोठा आकडा पुष्कळदा सेन्सरचा नसतोच. आतली चिप एका पावलाची चार करून सांगते, अचूकपणा तेवढाच राहतो. ऑफिसच्या कामाला ८०० ते १६०० पुरे.

जड म्हणजे टिकाऊ, हे आपल्याला पितळेच्या भांड्यांनी शिकवलं. माउसला ते लागू नाही. लॉजिटेकच्या जी-५०२ बरोबर ३.६ ग्रॅमची पाच सुटी वजनं येतात. हवी तर घाला, नको तर काढा. ती काढली म्हणून माउस कच्चा होत नाही. वजन हा सवयीचा भाग आहे, आणि दिवसभर उचलून-सरकवून काम करणाऱ्याला हलकाच बरा पडतो. माउसचा जनक डग्लस एंगेलबार्ट, त्याचा पहिला नमुना तर लाकडी ठोकळ्याचा होता, मेसेजवाल्याला तोच आवडला असता.

आता दोन कोटी क्लिक आणि तो 'व्हायरस'. मेसेजमध्ये हे दोन मुद्दे वेगळे आहेत, पण मुळात एकच. डाव्या बटणाखाली एक छोटी चौकोनी डबी असते, मायक्रोस्विच. तिच्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी. दाबलं की ती टक् करून खाली टेकते, सोडलं की परत उसळते. धातूवर धातू टेकताना तो एकदाच टेकत नाही, किंचित थरथरतो. ही थरथर क्लिक म्हणून मोजली जाऊ नये म्हणून माउसची चिप काही मिलिसेकंद थांबून घेते. पट्टीचा ताण सैल झाला, किंवा टेकायच्या जागेवर ऑक्साइडचा बारीक थर बसला, की थरथर त्या थांबण्यापेक्षा लांबते. चिपला वाटतं दोनदा दाबलं. झाला डबल क्लिक. फाइल ओढत नेताना ती मध्येच सुटून भलत्या फोल्डरमध्ये पडते, तेही यामुळेच.

दोन कोटी हा आकडा ती पट्टी न मोडता किती वेळा वाकेल याचा आहे, प्रयोगशाळेत मोजलेला. दिवसाला पाच हजार क्लिक आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर वर्षाचे पंधरा लाख होतात. त्या हिशेबाने माउस तेरा वर्षं चालायला हवा. माझ्या डब्यात याच आकड्याचे असे माउस आहेत जे दोन वर्षांच्या आत डबल क्लिक करू लागले. पट्टी मोडलेली नाही, संपर्क बिघडलाय. माउसमधून इतका कमी करंट जातो की टेकण्याच्या जागेवरचा थर जळून साफ होत नाही. त्यात आपली हवा अशी की जून ते सप्टेंबर कपाटातले बूटसुद्धा हिरवे होतात. बॉक्सवर बघायचंच असेल तर स्विच ऑप्टिकल आहे का ते बघा. त्यात क्लिक प्रकाशाच्या किरणाने मोजला जातो, धातूला धातू टेकवून नाही, त्यामुळे ही थरथर उरत नाही. व्हीलला मात्र त्याचा फायदा नाही. खाली फिरवलं की पान वर उडी मारतं, हे व्हीलच्या एन्कोडरमध्ये, म्हणजे त्याचं फिरणं मोजणाऱ्या भागात, गेलेल्या धुळीचं किंवा झिजेचं लक्षण.

व्हायरसची शंका असेल तर माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही दोनदा क्लिक झाला तर दोष माउसचा. फॉरमॅट करायला लागतो अर्धा दिवस, ही परीक्षा दोन मिनिटांची. वागळेतल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी आधी फॉरमॅट करून घेतलं, नंतर मला बोलावलं. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, मार्चनंतरचा बॅकअप नव्हता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. दुरुस्ती नवीन माउसपेक्षा पुष्कळ स्वस्त होती: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला स्विच, तीन पाय, थोडं सोल्डरिंग. स्क्रू दिसत नसतील तर तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. त्या पट्ट्या जपून काढा, नाहीतर परत नीट चिकटत नाहीत.

रबरी ग्रिपवर मला राग आहे, तो आधी कबूल करतो. दुकानात मखमलीसारखी लागणारी ती बहुतेकदा रबर नसतेच, पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवेत तो काही वर्षांत विरघळू लागतो. मग माउस गुळाच्या ढेपेसारखा चिकट होतो, आणि तळहाताला काळं लागतं ते वेगळंच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तो थर काढून टाकला की खालचं प्लास्टिक ठणठणीत असतं. कोरड्या हवेच्या गावाला असाल तर घ्या. खाडीकाठी राहणाऱ्याने साधं, किंचित खरबरीत प्लास्टिकच घ्यावं.

वायरलेसबद्दल मेसेज निम्मा खरा आहे. अडकतो, हे मी रोज बघतो. रेडिएशनचं सोडून द्या, तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या पुढे माउसचा रेडिओ काहीच नाही. अडकण्याचं कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. मला मेसेज पाठवणाऱ्या साहेबांच्याच ऑफिसात संध्याकाळी कर्सर धक्के खायचा. त्यांनी लागोपाठ तीन माउस बदलले. मी गेलो तर डोंगल, म्हणजे माउसचा यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, सीपीयूच्या मागे, आणि त्याला खेटून बॅकअपची हार्ड डिस्क. माउस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि यूएसबी ३.०चं उपकरण चालू असताना नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतं. इंटेलने २०१२मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलंय. बॅकअप सुरू झाला की माउस बहिरा! एक यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर, माउसजवळ आणलं. प्रश्न संपला. तिन्ही जुने माउस चांगले निघाले, स्टाफने घरी नेले.

वायरलेसचा खरा शत्रू सेल. लांब सुट्टीवर जाताना काढून ठेवा, गळला की आतल्या पत्र्या खातो. पांढरी पूड दिसली तर कापसावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसा, मग कोरडं करा. वायरवाल्याचंही एक मर्मस्थान आहे: वायर माउसमधून बाहेर पडते तो गळा. बॅगेत भरताना वायर माउसभोवती करकचून गुंडाळणाऱ्यांचे माउस तिथेच मरतात. डब्यातल्या वायरवाल्यांत हे सगळ्यात जास्त आहेत.

व्हर्टिकलचा मुद्दा आमच्या घरातला. ताई ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्स बघते. उजवा खांदा आणि कोपराची बाहेरची बाजू ठणकायची. मेसेज वाचून तिने महागाचा उभा माउस मागवला. महिन्याने फोन आला, "अरे, दुखायचं ते दुखतंच आहे, वर कर्सरही नीट जात नाही."

उभ्या माउसमागचं तत्त्व चुकीचं नाही. तळहात खाली केला की हाताची दोन हाडं एकमेकांवर फिरतात. हस्तांदोलनाच्या स्थितीत ती मोकळी राहतात, आणि काहींना त्याने खरंच आराम पडतो. पण कार्पल टनेल म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाणं. त्यात अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांच्याशी त्याचा संबंध असतो. माउस बदलून तो बरा होतो असा दावा करण्याइतका पुरावा नाही. अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांकडे जा, दुकानात नाही. आणि ताईचं दुखणं हे नव्हतंच मुळी.

मी तिच्या टेबलाशी जाऊन बसलो. कीबोर्डला उजवीकडे नंबर पॅड, तो तिला दिवसभर लागतो, म्हणून माउस त्याच्याही पलीकडे. प्रत्येक क्लिकला हात बाहेर ताणून धरलेला. नंबर पॅड नसलेला कीबोर्ड सुचवायची सोय नाही, एन्ट्री कशी करणार? म्हणून माउस डावीकडे आणला आणि विंडोजमध्ये बटणांची अदलाबदल केली. उजवा हात आकड्यांवर, डावा माउसवर. पहिला आठवडा तिने मला शिव्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात खांद्याची तक्रार निम्म्यावर आली. उभा माउस उजव्या हातासाठीच घडवलेला होता, तो आता माझ्याकडे पडून आहे. डावीकडे आला तो दोन्ही बाजूंनी सारखा, साधा माउस.

माप मात्र बघाच, त्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. सतरा सेंटीमीटरच्या हाताला वीसच्या हाताचा माउस दिला तर बोटं ताणून बसावं लागतं. उलट केलं तर पंजा आवळून. दुकानदाराला डेमो मागा, हात ठेवा, टेबलावर दोन मिनिटं फिरवा. तोंड वाकडं केलं तर दुसरं दुकान गाठा, गोखले रोडवर काय कमी आहेत? घरचं टेबल काचेचं असेल तर साधा ऑप्टिकल तिथे भरकटतो, खाली पॅड घ्या.

राहिला हजाराचा आकडा. डेलचा एमएस ११६ घ्या. १००० डीपीआय, वायर, तीन बटणं, ना दिवे ना रबर. हजाराच्या पुष्कळ आत मिळतो, आणि माझ्या ग्राहकांकडे हे वर्षानुवर्षं चाललेत. बिघडण्यासारखं त्यात फार काही नाहीच. हजाराच्या वर जायचं ते हाताचं माप, ऑप्टिकल स्विच किंवा वॉरंटीची मुदत यासाठी जा. आणि बिलाचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई वॉरंटीच्या आधी उडते, मग कोरा कागद घेऊन काउंटरवर भांडत बसावं लागतं. माझ्याकडे असे दोन कागद आहेत, त्याच डब्यात.