आडनाव यॉर्कशायरचं, मूळपुरुष आफ्रिकेतला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या एका आडनावाच्या काही पुरुषांचा पितृवंश आफ्रिकेतून आल्याचं संशोधन मी लेखात मांडलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत: मी लेखात मूळ आडनाव दिलं नाही, आणि ज्यांचा पूर्वज आफ्रिकेतला निघाला त्यांना 'यॉर्कशायरचं जुनं घराणं' म्हणणं चूक.

आडनावाचं आधी. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली हे संशोधन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांनीच ते उघड केलं नव्हतं. हयात माणसांच्या कुळाचा विषय आहे, त्यामुळे तो संकेत मीही पाळणार.

दुसरा आक्षेप मात्र मला अजिबात पटत नाही. या दुर्मिळ आडनावाच्या १८ पुरुषांची तपासणी झाली. ७ जणांचं वाय गुणसूत्र, म्हणजे पेशीतला पुरुषांकडेच असणारा आनुवंशिक घटक, ए१ नावाच्या गटाचं निघालं. हा गट मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत सापडतो. उरलेल्या ११ जणांचं तसं नव्हतं! आडनाव एक म्हणून रक्तही एक, हे तुम्ही धरून चाललात, पण दत्तक मूल, आईचं आडनाव लावलेलं मूल, लग्नाबाहेरची संतती, असं काहीही मधे घडलेलं असू शकतं. याच चमूने २००६ मध्ये समान आडनावाच्या १५० जोड्या तपासल्या होत्या. त्यांत सुमारे २४ टक्के जोड्यांचाच पूर्वज एक निघाला. आडनाव दुर्मिळ असेल तर हे प्रमाण बरंच वाढतं, एवढं खरं.

आता त्या सात जणांकडे या. जुनी दप्तरं धुंडाळल्यावर ते दोन वंशावळींत बसले. त्यांचे सर्वांत जुने पुरुष १७३४ आणि १७८८ साली जन्मलेले. या दोन शाखा कागदोपत्री जुळत नाहीत, पण गुणसूत्र सांगतं की त्या त्याही मागे कुठेतरी एक होत्या. शिवाय वाय फक्त बापाकडून मुलाकडे जातं. दहा पिढ्या मागे गेलात तर हिशेबाने १०२४ पूर्वज होतात, आणि वाय त्यांतल्या एकाच पुरुषाचं. बाकीच्यांबद्दल ते काहीच बोलत नाही. तेवढ्यावरून माणसाला परका कसं ठरवायचं?

तो आफ्रिकी पुरुष आला कधी? तिसऱ्या शतकात हेड्रियनच्या भिंतीवर, म्हणजे ब्रिटनमधल्या रोमन तटबंदीवर, मूर सैनिकांची तुकडी होती, म्हणून काहीजण रोमन काळाकडे बोट दाखवतात. पण मूर उत्तर आफ्रिकेतले. सोळाव्या शतकापासून गुलामांच्या व्यापाराबरोबर पश्चिम आफ्रिकेतली माणसं इंग्लंडमध्ये येऊ लागली, मला तीच वाट जास्त संभवनीय वाटते. कशीही आली असोत, १७३४ च्या आधी तो वंश तिथे रुजलेला होता. जवळपास तीनशे वर्षं झाली, म्हणून 'जुनं घराणं' हे शब्द मी बदलणार नाही.