पोस्टरवर बाई बेशुद्ध, म्हणजे सिनेमातही?

‘जुन्या हॉलिवूड भयपटांच्या पोस्टरवर बाई म्हणजे राक्षसाच्या हातातली बेशुद्ध शिकार. पोस्टर म्हणजे सिनेमातलंच दृश्य. ते पुरुषांसाठीच काढलेलं. आपल्याकडे मात्र बाईचा मान राखला गेला.’ कोलाजसकट हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. कोल्हापुरात कलाशिक्षण घेणाऱ्या भाचीने तो प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा उतरवलाय, म्हणून लिहिणं भाग आहे.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’चं (१९५४) पोस्टर त्याच साच्यातलं. वन-शीट, म्हणजे थिएटरबाहेर लागणाऱ्या नेहमीच्या पोस्टरचा कागद २७ × ४१ इंच, उभा. त्यावर प्राणी उभा, बाई आडवी, गडद रंगावर तिचं उजळ अंग; रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर तिथेच अडकते. गल्ल्यासाठी बाईचा देह वापरला, याचं समर्थन होऊ शकत नाही.

पण ‘पोस्टर म्हणजे सिनेमातलंच दृश्य’ हे वाक्य धडधडीत खोटं आहे आणि सगळा घोळ त्यानेच होतो. कोलाजमधलं पहिलंच चित्र ‘फॉरबिडन प्लॅनेट’चं (१९५६) आहे. मुळात तो विज्ञानपट. पोस्टरवर रॉबी नावाचा यंत्रमानव बेशुद्ध तरुणीला उचलून निघालाय. सिनेमात तो माणसाला इजाच करू शकत नाही, आणि तो उचलून आणतो जखमी डॉक्टरला, एका पुरुषाला! ‘अटॅक ऑफ द ५० फूट वूमन’च्या (१९५८) पोस्टरवर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी असलेली बाई हातात मोटार धरून आहे. सिनेमात ती महामार्गावर अशी उभी राहते असा प्रसंगच नाही. ती जाते बाहेरख्याली नवऱ्याला शोधत, आणि बारचं छप्पर उचकटून त्यालाच उचलते. बेशुद्ध शिकार कुठे आहे यात?

म्हणून आधी प्रत्येक पोस्टरसाठी कोण मोठं, डोळे कोणाचे उघडे, कोण कोणाकडे बघतंय, कोणाचं नाव ठळक, एवढं टिपायचं. मग सिनेमा बघून त्या दृश्याचं मिनिट शेजारी लिहायचं. दृश्य नसेल तर ‘नाही’ लिहायचं. सालही तपासायचं. १९४० नंतरच्या बऱ्याच अमेरिकन पोस्टरांवर खाली ‘५८/’ असा आकडा असतो, ते वर्ष, म्हणजे १९५८. आकड्याआधी इंग्रजी ‘आर’ (R) असेल तर ते पुनर्प्रदर्शनाचं पोस्टर. ते मूळ सालात मोजलं की पन्नासच्या दशकातलं चित्र चाळीसच्या दशकाच्या नावावर जमा होतं.

‘पुरुषांसाठीच’ हेही टिकत नाही. सिनेमाच्या अभ्यासक ऱ्होना बेरेनस्टाइन यांनी १९९६च्या पुस्तकात तीसच्या दशकातल्या भयपटांची जाहिरात तपासून दाखवलंय की स्टुडिओ बायकांनाही थेट साद घालत होते. ‘ड्रॅक्युला’ची (१९३१) जाहिरात तर विलक्षण प्रेमावेगाची कथा म्हणून झाली.

राहिला आपला मान. बाबूराव पेंटरांनी इथे कोल्हापुरात ‘सैरंध्री’मध्ये (१९२०) बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या, याचा अभिमान हवाच. पण तो दाखला भयपटांच्या पोस्टरांना कसा लावणार? रामसे बंधूंच्या ‘वीराना’त (१९८८) चेटकिणीने झपाटलेली जास्मिन पुरुषांना जाळ्यात ओढून मारते. ती शिकार नाही, शिकारी आहे. तरी जाहिरातीत विकलं गेलं ते तिचं अंगच. प्रोजेक्टमधून ते मानाचं वाक्य सर्वांत आधी खोडायला हवं.