1 स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: रॅम्पसमोरची जागा पार्किंगची नाही

नमस्कार दादा, आमच्या हॉटेलवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की रविवारी सकाळी ऐन गर्दीत आमच्या मुलानं सगळ्यांसमोर तुम्हाला स्कूटर हलवायला लावली, दाराजवळचं टेबल रिकामं असून तुम्हाला न देता मागून आलेल्या व्हीलचेअरवाल्यांना दिलं, आणि एवढा लांबलचक रॅम्प बांधून आम्ही चार-पाच गाड्यांची जागा खाल्ली, तेही अशा लोकांसाठी जे तुम्हाला इथे कधी दिसलेच नाहीत. जिलबी गार होती हेही लिहिलंय, तर ती काउंटरवर सांगितली की लगेच बदलून मिळते. बाकीचं सविस्तर लिहितो.

आधी टेबल. ते मागून आलेले नव्हते हो. ते भाऊ आणि त्यांची बहीण तुमच्या आधी आले होते, नंबर त्यांचाच होता, फक्त ते बाहेर अडकले होते कारण रॅम्पच्या तोंडाशी तुमची गाडी उभी. तुम्ही म्हणता पाचच मिनिटं लावली होती. ती पाच मिनिटं ते भाऊ इंदूरच्या रामबागेतल्या भर रस्त्यावर होते, मागून ई-रिक्षावाले हॉर्न देतायत, बहीण खुर्चीचे ब्रेक लावून हँडल धरून उभी आणि आत कोणाला हाक मारावी ते तिला कळेना. तुम्ही पायऱ्यांनी आत आलात, त्यांना ती एकच वाट होती. म्हणून मुलानं गाडी हलवायला सांगितली, आणि उद्याही सांगेल, मीच त्याला तसं सांगून ठेवलंय.

आणि तेच टेबल का, तर बाकीच्या टेबलांना मधे एकच खांब आणि खाली आडवी पट्टी आहे, व्हीलचेअरची पाय ठेवायची जागा त्याला अडकते आणि माणूस प्लेटपासून हातभर लांब राहतो, पोहे मांडीवर सांडतात. या टेबलाचे पाय चार कोपऱ्यांना आहेत, खालून मोकळं, गुडघे आत जातात. कोणाला गरज नसेल तेव्हा ते सगळ्यांनाच देतो.

रॅम्प एवढा कशाला, तीन फुटांची लोखंडी पाटी टाकली असती तरी भागलं असतं असं लिहिलंय. नाही भागत दादा. आमचा ओटा रस्त्यापासून दीड फूट उंच आहे आणि रॅम्पचं माप 1:12 चं असतं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, दीड फुटाला झाली 18 फूट. भिंतीच्या कडेनं नेला म्हणून एवढ्यात तरी बसला. तीन फुटांच्या पाटीवर मागून ढकलणाऱ्याचा पाय सटकतो, खुर्ची मागच्या मागे उलटू शकते, आणि जो स्वतःच्या हातानं चाकं फिरवत येतो त्याला तर ती चढताच येत नाही, मग चार जण धरून खुर्चीसकट उचलतात. चांगल्या कमावत्या माणसाला सगळं हॉटेल बघत असताना असं उचलून आत आणायचं, याला मी सोय म्हणणार नाही. दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून किती आजी-आजोबा वर येतात तेही एकदा बघा.

राहिलं ते लोक दिसत नाहीत याचं. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग मोजले गेले, त्यातले आपल्या इंदूरातही आहेतच, पण बाहेर पडलं की पहिल्याच पायरीला अडतं मग घरीच बसतात. संडासला जाता येणार नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिता निघणारी माणसं आहेत. आमच्या संडासाचं दार बाहेरच्या बाजूला उघडतं ते याच्याचसाठी, आत कोणी पडलं तर दार त्याच्या अंगावर अडकत नाही, बाहेरून उघडता येतं.

पुण्य कमवायचं तर देवळात जा, असंही तुम्ही लिहिलंय. त्या भावांनी उसळ-पोह्यांचे तेवढेच पैसे दिले जेवढे तुम्ही दिलेत, यात पुण्याचा काय संबंध? 2016 चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे, त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी ऑफिस नाही, लोकांसाठी उघडी असलेली खासगी जागा पण येते, दुकानं-हॉटेलं सगळी. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की या सोयींचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, बंधनकारक पाहिजेत. कायदा नसता तरी मी रॅम्प केला असता, पण गाडीची जागा गेली म्हणून भांडणाऱ्यांना तो माहीत असलेला बरा.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी बाजूच्या गल्लीत लावा, तिथे जागा असते, दोन मिनिटं चालावं लागेल. रॅम्पसमोरची जागा रिकामीच राहणार. आणि आसपासच्या दुकानदारांपैकी कोणाला असा रॅम्प करायचा असेल तर दुपारी तीननंतर गर्दी नसते, टेप घेऊन या, माप काढून देतो आणि मिस्त्रीचीही गाठ घालून देतो.